अडीच हजारांची घोडी

"अडीच हजारांत घालू नकोस पोरी तिला. उचलून नेतील."

चेमाकाका असं म्हणाले तेव्हा ते हातात खरारा घेऊन नकटीच्या पोटाखाली वाकलेले होते. ते माझ्याशी बोलतायत की घोडीशी, हे कळायला मला एक क्षण लागला. मग मी हसले.

"काका, कोण नेणार? इथं जो तो विकायला बसलाय. घेणारा एक तरी दाखवा."

"मागच्या फाटकाशी दोन लांब ट्रेलर उभे आहेत. नंबर आपल्या राज्याचे नाहीत."

"बघायला आले असतील. शेवटचा हंगाम म्हटल्यावर येणारच लोक."

"बघायला येणारा माणूस रिकामा ट्रेलर ओढत आणत नाही," काका म्हणाले आणि पुढच्या पायाकडे सरकले.

मी पुढे ऐकलंच नाही. माझी मुलगी अमाया कडेवर होती, अकरा महिन्यांची. तिची छाती सकाळपासून घरघरत होती. गवताच्या धुळीत तिला आणायला नको होतं, पण घरी ठेवायला कोणी नव्हतं. ओमार, माझा नवरा, ट्रक घेऊन तीन राज्यांपलीकडे गेला होता. मी मनातल्या मनात तिचे श्वास मोजत होते. मिनिटाला चाळीसच्या वर गेले की मला घाम फुटतो. तेव्हा अडतीस होते.

नकटी म्हणजे आमची शर्यतीची घोडी. कागदावर तिचं नाव 'लेट फॉर चर्च' होतं, पण त्या नावानं तिला फक्त माइकवरचा माणूस हाक मारायचा. अपा, म्हणजे माझे वडील एफ्राईन, तिला चाता म्हणायचे, म्हणजे नकटी, आणि ती होतीही तशीच. नाकाचं हाड मध्येच बसलेलं, जन्मताना कोणीतरी दाबून ठेवल्यासारखं. मी कॉलेजातून पदवी घेऊन आले त्या उन्हाळ्यात अपांनी ती शिंगरू असताना माझ्या नावावर केली. "लोक पोरींना गाडी देतात," चेमाकाका तेव्हा म्हणाले होते, "आणि आमचा एफ्राईन शेण देतोय." मालकीण मी, ट्रेनर अपा, मोतद्दार चेमाकाका. सात वर्षं हे असंच चाललं होतं. आई गेल्यापासून अपा तबेल्यातल्या खोलीतच राहायचे. भिंतीच्या एका बाजूला त्यांची खाट, दुसऱ्या बाजूला नकटी. घोडी अंगावर खाजवायला भिंतीला टेकली की खाट हलायची, आणि अपा म्हणायचे, "झोप गं बाई."

माझी नोकरी कॅसिनोत, नदीपलीकडे, मूळ अमेरिकन जमातीच्या राखीव जमिनीवर. मी नियमपालन विभागात बसायचे. कुठलं यंत्र कुठे उभं आहे, राज्याशी झालेल्या करारात त्याला परवानगी आहे का, त्याचं सील शाबूत आहे का, हे सगळं वाचायचं आणि सही करायची. त्या नोकरीच्या विम्यातून अमायाची औषधं यायची. तबेल्यात मी आले की कोणीतरी ओरडायचंच, "आली बघा, कॅसिनोची सून!" अपा वर बघायचे नाहीत. चेमाकाका मात्र उत्तर द्यायचे, "गप रे. त्यांचे यंत्रातले घोडे तुझ्या घोड्यांपेक्षा बरे. चारा खात नाहीत, घाण करत नाहीत, आणि हरले तरी लंगडत नाहीत."

रेसकोर्स आणि कॅसिनोचं हे भांडण काय होतं, ते दोन ओळींत सांगते. आमच्या राज्यात जुगाराची यंत्रं फक्त जमातींनी ठेवायची, असा करार होता. रेसकोर्सला धंदा उरला नाही तेव्हा राज्यानं त्यांना 'जुन्या शर्यतींची' यंत्रं ठेवू दिली. कधीकाळी कुठेतरी धावलेल्या शर्यतीचे शेवटचे तीन सेकंद पडद्यावर दिसायचे, त्यावर पैसे लावायचे. जमातीनं म्हटलं, हे आमचंच यंत्र आहे, फक्त वर घोडा रंगवलाय. आणि ते खरंच होतं. मी आतून उघडलेलं पाहिलंय. विधिमंडळानं परवानगी काढून घेतली. बक्षिसांचे पैसे त्याच यंत्रांतून यायचे, ते आटले. आमच्या कॉटनवूड बेंड रेसकोर्सच्या मालक कंपनीनं जाहीर केलं की ऑगस्टचे अकरा दिवस धावून आम्ही दार लावतोय.

माझी साहेबीण व्हेल्डा जमातीतलीच. तिच्या घरचे पुरुष अजून जत्रेत बिनखोगिराच्या शर्यती धावतात. एका घोड्यावरून उडी मारून दुसऱ्यावर बसायचं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी वाईट तोंड करून बसले होते, तर ती डबा बंद करत म्हणाली, "नोएमी, तुमचा रेसकोर्स सत्तर वर्षं चालला. माझ्या आजोबांना त्यातली चाळीस वर्षं आत सोडायचे ते फक्त चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाला, पिसं लावून मिरवायला. आता आमच्याकडे दवाखाना आला, शाळेला छप्पर आलं, तर आम्ही हावरट?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तोंडावर लिहिलंय ना तुझ्या." मग म्हणाली, "म्हाताऱ्याच्या घोडीचं काय करणार?"

मी म्हटलं, माहीत नाही. आमच्या घरामागे अंगण आहे ते कपडे वाळत घालण्याएवढं.

"माझ्या भावाच्या कुरणात सोडा. बारा घोडे आहेत, तेरावी जड नाही. म्हाताऱ्याला म्हणावं, रोज येऊन खरारा कर. आमच्या पोरांना दोन गोष्टी शिकवल्या तरी पुष्कळ."

मी त्या दिवशी गाडीत बसून रडले. अपांना तबेल्यातून बाहेर कसं काढायचं, याच विचारानं मला महिनाभर झोप नव्हती. एकसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, दुसरं काही कधी केलेलं नाही. घोडी असेल तर ते माझ्या घरी येतील, पहाटे उठून कुरणात जातील, दुपारी अमायाला घेऊन बसतील. घोडी गेली तर ते कुठेच येणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणजे सगळं नकटीवर होतं.

अपा कबूल झाले. कॅसिनोवाल्यांच्या कुरणाला नाही म्हणतील असं मला वाटलं होतं, पण ते म्हणाले, "घोड्याला काय माहीत गवत कोणाचं आहे." फक्त एक अट घातली. "एक शेवटची धावू दे तिला. सामानासारखी उचलून न्यायची नाही. जिंको, हरो, मैदानावरून चालत बाहेर पडू दे."

ती अट मी मान्य केली. सरळ विचार केला की आठवड्याभरात संपेल, मग अपा घरी.

त्यांना हवी होती साधी शर्यत, जिच्यात घोडा विकाऊ नसतो. शर्यतींच्या सचिवानं, डेल्बर्टनं, यादी पुढे सरकवली. "तीनच घोडे आलेत, नोएमी. पाच तरी लागतात. नाही भरत."

"मग काय भरतंय?"

"अडीच हजार डॉलरांची दाव्याची. शनिवारी. सहा आहेत, तुमची सातवी."

दाव्याच्या शर्यतीत धावणारा प्रत्येक घोडा ठरल्या किमतीला विकाऊ असतो. शर्यतीआधी कोणीही परवानेवाला पेटीत खरेदीची चिठ्ठी टाकू शकतो. फाटक उघडलं की घोडा त्याचा, मग तो जिंको की पाय मोडून पडो. त्या शर्यतीचं बक्षीस तेवढं जुन्या मालकाचं. आमच्यासारख्या गरीब रेसकोर्सवर निम्म्या शर्यती अशाच व्हायच्या, आणि नकटी त्यात वीसेक वेळा धावली होती. कधी कोणी चिठ्ठी टाकली नाही. आमच्याकडे तशी रीतच होती. ज्या घोड्याशेजारी माणूस झोपतो, त्या घोड्यावर चिठ्ठी टाकायची नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. एकदा एका नवख्यानं असं केलं होतं, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला कोणी नाल ठोकून दिली नाही, की घोड्यावर बसायला जॉकी दिला नाही. महिन्याभरात तो गेला. आणि बाहेरच्यांचा प्रश्न नव्हता, कारण नियमच होता. ज्याचा घोडा या हंगामात इथं धावलेला नाही, त्याला चिठ्ठी टाकता येत नाही.

अपा टोपी हातात घेऊन दाराशी उभे होते. त्यांनी यादी पाहिली. "मालकीण तू आहेस," म्हणाले.

मी सही केली. डेल्बर्टच्या मागच्या फळ्यावर राज्याच्या शर्यत आयोगाची एक अर्ध्या पानाची सूचना टाचलेली होती. नवीन कागद होता. माझी नजर गेली, सवयीनं. तेवढ्यात अमाया खोकली, मी तिला खांद्यावर घेतलं आणि बाहेर पडले. परत येताना वाचू म्हटलं. परत गेले नाही.

शनिवारी एवढी गर्दी होती की गाड्या बिटाच्या शेतापर्यंत लावल्या होत्या. दहा-दहा वर्षं न फिरकलेले लोक टोप्या विकत घेत होते, कठड्याचे ढलपे काढून खिशात घालत होते. कणसं भाजल्याचा आणि माळावरच्या कडू झुडपांचा वास येत होता. मी अमायाला सावलीत घेऊन बसले. छत्तीस.

सहा फर्लांगांची शर्यत. नकटी नेहमीसारखी मागे राहिली. वळणावर ती पाचवी होती. सरळ रस्ता लागला आणि तिनं मान खाली घातली, तशी ती घालते तेव्हा काय होतं हे आम्हाला माहीत होतं. अपा कठड्याला धरून धावत सुटले. गेलेल्या गुडघ्यांनी, टोपी मागे पडलेली, "चल गं बाई, चल गं बाई!" आणि ती आली. दीड घोड्याच्या लांबीनं पहिली आली. माझ्या शेजारची अनोळखी बाई मला मिठी मारून रडायला लागली.

आम्ही फोटोसाठी उभे राहिलो. अपा, चेमाकाका, जॉकी, मी, अमाया आणि मध्ये घामानं काळी पडलेली नकटी. फोटो निघाला. मग पंचांचा माणूस आला आणि त्यानं तिच्या लगामाला एक लाल पट्टी अडकवली.

"गेली रे एफ्राईन," तो हळूच म्हणाला. "तीन चिठ्ठ्या होत्या. सोडत काढावी लागली."

अपांना आधी कळलंच नाही. ते त्या पट्टीला हात लावून बघत होते, चुकून अडकलीय तशी.

मी अमायाला चेमाकाकांच्या हातात देऊन ऑफिसात धावले. "डेल्बर्ट, नियम आहे! बाहेरच्याला चिठ्ठी टाकता येत नाही! त्याचा घोडा इथं धावलाय का?"

डेल्बर्टनं मागच्या फळ्याकडे हात केला. शेवटच्या हंगामापुरता तो नियम शिथिल केला होता. घोडे आणि खरेदीदार कमी असल्यामुळे, असं कारण दिलं होतं. खाली सही, शिक्का.

"मला वाटलं तू वाचलं असशील," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "तुझं तर कामच ते."

मी परत आले तोवर नवीन मालकाचा माणूस स्वतःची मोरकी घेऊन पोचला होता. रीत अशी, की जुन्यानं आपला लगाम काढून घ्यायचा आणि नव्यानं आपली मोरकी चढवायची. माणूस वाईट नव्हता. तरुण होता, अदबीनं बोलत होता. मी त्याला म्हटलं, किंमत दुप्पट देते. मग मीच तिप्पट म्हटलं. कुठून देणार होते, देव जाणे.

"बाई, मी फक्त न्यायला आलोय. साहेब विकायचे नाहीत. आमच्या तिकडे रेसकोर्सच जमातीचा आहे, यंत्रं त्याच छपराखाली. बक्षिसं चिक्कार. घोडेच पुरत नाहीत. असे बंद पडणारे रेसकोर्स शोधतच आम्ही फिरतो." मग तो अपांकडे वळला. "छान घोडी आहे, सर. दुखणं वगैरे काही?"

अपांनी लगाम काढला. आणि मग ते सांगत राहिले. डाव्या पुढच्या पायावर रोज थंड पाणी मारायचं, वीस मिनिटं, कमी नाही. तोबऱ्यात थोडी काकवी घालायची, नाहीतर ओट तसेच ठेवते. ट्रेलरमध्ये एकटी घालायची नाही, शेजारी कोणीतरी लागतं, बोकड असला तरी चालतो. विजा चमकल्या की तिच्याशी बोलायचं, काय बोलतो याला महत्त्व नाही. तो माणूस मान हलवत होता. लिहून काहीच घेत नव्हता.

"एफ्राईन, पुरे," चेमाकाका म्हणाले. "जाऊ दे त्याला."

ती गेली. वळून वगैरे पाहिलं नाही. घोडे पाहत नाहीत.

चेमाकाका मला एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे, 'सांगितलं होतं ना' असं म्हणाले नाहीत. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. महिन्याअखेरीस ते देशाच्या सीमेपलीकडे, साकातेकासला बहिणीकडे निघून गेले. जाताना अमायाच्या हातात नकटीच्या शेपटीच्या केसांची वेणी दिली. डॉक्टरांनी ती घरात ठेवू नका म्हणून सांगितलं.

मी अपांसाठी खोली तयार केली होती. पलंग, पडदा, बाथरूममध्ये धरायला दांडी. रविवारी त्यांना आणायला गेले तर ते खाटेवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून.

"चला अपा."

"मी इथंच राहतो."

"इथं कोण आहे आता?"

"कंपनीला राखणदार हवाय. जमीन विकली जाईपर्यंत. मी हो म्हटलंय."

"माझ्यावर राग आहे तुमचा."

"नाही गं." ते खरं बोलत होते, हेच भयंकर होतं. मग म्हणाले, "त्यांची मोरकी तिला घट्ट होत होती. गालफडाला लागत होती. मी सांगायचं विसरलो."

व्हेल्डा म्हणाली, माझ्या भावाकडे बारा घोडे आहेत, तुझ्या वडिलांना म्हणावं त्यातला कुठलाही आपला म्हणा. मी अपांना सांगितलं. त्यांनी तिचे आभार मानायला सांगितले. गेले नाहीत.

मी रोज नकटीचं नाव शोधायचे. त्या दूरच्या रेसकोर्सच्या याद्या कामाच्या वेळात उघडून बसायचे. सप्टेंबरमध्ये दोनदा धावली, सहावी आणि आठवी. ऑक्टोबरमध्ये एकदा धावली आणि मध्येच थांबवली, एवढंच लिहिलं होतं. त्यानंतर नाव नाही. फोन केला तर म्हणाले, पुढे दिली कोणालातरी. कोणाला, ते त्यांना माहीत नव्हतं. ओमार म्हणाला, कुठेतरी चरत असेल. चालू न शकणारी घोडी अशा ठिकाणाहून कुठे जाते, हे तबेल्यात वाढलेल्या मुलीला कोणी सांगावं लागत नाही. अपांनी मला कधी विचारलं नाही. त्यांनाही माहीत असणार.

डिसेंबरमध्ये अमायाला दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथले डॉक्टर म्हणाले, मोठ्या शहराजवळ राहा. आम्ही सॉल्ट लेकला आलो. व्हेल्डानं मला राज्याच्या सीमेपलीकडच्या दुसऱ्या कॅसिनोत चिकटवून दिलं, नाहीतर विमा गेला असता. इथून कॉटनवूड बेंड गाडीनं सहा तास, बर्फ असेल तर नऊ. रात्री औषधाच्या वाफेच्या यंत्रापाशी पोरीला धरून बसायचं, दिवसा कामावर जायचं. मी निघू शकत नाही. हे कारण आहे की सबब, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता दोन्ही शब्द सारखेच वाटतात.

अपा रविवारी फोन घ्यायचे. "जेवलात?" "हो." "काय?" "होतं काहीतरी." अमाया फोनमध्ये नुसतीच ओरडायची, ते ऐकत राहायचे. फेब्रुवारीपासून फोन उचललेला नाही. पाच रविवार झाले. मी शेरीफच्या ऑफिसला कळवलं. त्यांनी एका पोलिसाला पाठवलं. त्यानं फाटकावरूनच पाहिलं, कुलूप होतं म्हणे. तो म्हणाला, "बाई, तुमचे वडील ठीक आहेत. मी हॉर्न वाजवला, त्यांनी तबेल्यापाशी उभं राहून हात हलवला." मी विचारलं, जवळून पाहिलं का? त्यानं फोन ठेवला.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणाला कधी त्या बाजूनं जावं लागलं, तर साखर कारखान्याची चिमणी मागे पडली की डावीकडे पांढरा कठडा दिसतो, मधून मधून मोडलेला. मोठ्या फाटकाला कुलूप असेल. तुम्ही नदीच्या बाजूनं या, तिथं तार खाली पडलेली आहे. तिसऱ्या ओळीतला शेवटचा तबेला. माझं नाव सांगू नका. सांगा की तुमच्याकडे एक घोडा आहे, पुढच्या पायानं लंगडतोय, विचारायला आलात. ते बोलायला लागतील. बोलत असताना बघा, दाढी केलीय का, खोलीत शेगडी चालू आहे का, पँट कमरेवर राहतेय का. काहीतरी खायला घेऊन जा आणि त्यांच्यासमोर बसून तुम्हीही खा, नाहीतर ते ठेवून देतील. कृपा करून लांबून हात हलवला म्हणून परत फिरू नका. ते सगळ्यांनाच हात हलवतात.